चांदी कीं शिसें? पाब्लो एस्कोबारचा उदय आणि अस्त

दक्षिण अमेरिकेंतील कोलंबिया देशांत मेदेयीन नांवाचें एक मोठें शहर आहे. इंग्रजी नकाशांवरून आपल्याकडे त्याचें नांव मेडेलिन असें वाचतात. ता. ३ डिसेंबर १९९३ रोजीं या शहरांत एक प्रेतयात्रा निघाली. तिला हजारों माणसें लोटलीं होतीं. शवपेटीस नुसता हात लागावा म्हणून लोक एकमेकांस रेटीत होते आणि मृताच्या नांवाचा जयघोष करीत होते. ज्याचें हें प्रेत होतें तो कोणी संत नव्हता, कीं देशासाठीं झुंजून पडलेला वीरहि नव्हता. कोकेनच्या चोरट्या व्यापारावर अब्जाधीश झालेला आणि हजारों माणसांच्या मरणास कारण झालेला पाब्लो एस्कोबार तो हा. त्याच दिवशीं त्याच देशांतील असंख्य घरांतून लोकांनीं सुटकेचा निःश्वास टाकला. एकाच माणसाच्या मरणानें एकीकडे आक्रोश आणि दुसरीकडे निःश्वास, असें कां व्हावें? या प्रश्नाचें उत्तर शोधावें, एवढ्याच हेतूनें आज मी त्याची कथा आपणांस सांगणार आहें.

प्रथम ज्या पदार्थानें त्याला वर चढविलें त्याविषयीं दोन शब्द सांगणें अवश्य आहे. कोकेन हें नांव आपणांस अगदींच अपरिचित नाहीं. विसाव्या शतकाच्या आरंभीं मुंबई-कलकत्त्याकडे पानाच्या विड्यांतून कोकेन खाण्याचें व्यसन इतकें पसरलें होतें कीं त्याविरुद्ध सरकारास कायदे करावे लागले. कोका नांवाचें एक झुडूप अँडीज पर्वताच्या उतारावर वाढतें. तेथील मूळचे रहिवासी भूक व थकवा मारण्यासाठीं पिढ्यान्‌पिढ्या त्याचा पाला चघळीत आले आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास आल्बर्ट नीमन या जर्मन रसायनशास्त्रज्ञानें त्या पाल्यांतील सत्त्व निराळें काढलें; आणि १८८४ सालीं कार्ल कोलर या व्हिएन्नाच्या तरुण वैद्यानें डोळ्यांवरील शस्त्रक्रियेंत बधिरता आणण्यास त्याचा उपयोग होतो हें दाखवून दिलें. जें एका हातीं औषध तेंच दुसऱ्या हातीं विष झालें. १९७० नंतर अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील सुखवस्तु समाजांत या पांढऱ्या भुकटीची मागणी झपाट्यानें वाढूं लागली; आणि जेथें मागणी व मनाई हीं दोन्ही एकत्र नांदतात तेथें नफ्यास मर्यादा उरत नाहीं. एस्कोबारच्या साऱ्या वैभवाचें मूळ या एका वाक्यांत आहे.

त्याचा जन्म ता. १ डिसेंबर १९४९ रोजीं आंतिओकिया प्रांतांतील रिओनेग्रो येथें झाला. बाप शेतकरी व आई प्राथमिक शाळेंतील शिक्षिका. घरची स्थिति बेताची, परंतु अन्नान्नदशा नव्हती. तेव्हां दारिद्र्यानें त्याला गुन्हेगार बनविलें, असें म्हणतां येणार नाहीं. तथापि ज्या काळांत तो जन्मला तो काळ विचारांत घेतला पाहिजे. त्याच्या जन्मापूर्वीं दीड-दोन वर्षें, म्हणजे १९४८ च्या एप्रिलांत, गाइतान नांवाच्या लोकप्रिय पुढाऱ्याचा बोगोटा या राजधानींत खून झाला आणि देशांत यादवी माजली. दोन पक्षांच्या वैरांत पुढील दहा वर्षांत सुमारें दोन लक्ष माणसें प्राणांस मुकलीं. कायद्यापेक्षां बंदूक वरचढ असते, हा धडा त्या पिढीस पाळण्यांतच मिळाला होता.

मेदेयीनजवळच्या एन्विगादो येथें पाब्लो लहानाचा मोठा झाला. शिक्षण अर्धवट टाकून तो सिगारेटींच्या चोरट्या व्यापारांत व मोटारींच्या चोऱ्यांत शिरला. पुढें पेरू व बोलिव्हिया या देशांतून कोकाच्या पाल्याचा कच्चा लगदा आणावा, कोलंबियाच्या रानांतील गुप्त कारखान्यांत त्याची भुकटी करावी आणि ती उत्तरेकडे धाडावी, हा धंदा त्यानें उचलला. १९७६ सालीं तो कोकेनसह पकडला गेलाहि. परंतु न्यायाधीश बदलले, कागदपत्रें नाहींशीं झालीं आणि खटला विरून गेला. ही गोष्ट, श्रोतेहो, आपण ध्यानांत ठेवावी. सात वर्षांनंतर तीच त्याच्या गळ्यांतील धोंड होणार होती.

त्या दशकाच्या अखेरीस ओचोआ बंधु, गाचा व लेडर या सोबत्यांशीं हातमिळवणी करून त्यानें जी टोळी उभारली तिला जग मेदेयीन कार्टेल म्हणून ओळखूं लागलें. लेडरनें बहामा बेटांपैकीं नॉर्मन्स के हें चिमुकलें बेट आपल्या ताब्यांत आणलें होतें. कोलंबियांतून निघालेलीं विमानें तेथें उतरावयाचीं, आणि तेथून माल फ्लॉरिडाच्या किनाऱ्यावर जावयाचा. धंद्याची घडी अशी कीं, एकाद्या आगबोट कंपनीस हेवा वाटावा. पैसा इतका येऊं लागला कीं तो ठेवावा कोठें हीच विवंचना होऊन बसली. १९८७ सालीं फोर्ब्स या अमेरिकन नियतकालिकानें जगांतील अब्जाधीशांची यादी छापली तींत एस्कोबारचें नांव होतें.

या वैभवाचें दर्शन त्याच्या नापोलेस नांवाच्या जहागिरींत होई. मेदेयीन व बोगोटा यांच्या मधल्या सखल प्रदेशांत हजारों एकर जमीन घेऊन त्यानें तेथें वाडा, विमानतळ, तलाव आणि जिराफ, हत्ती, पाणघोडे इत्यादि परदेशीय प्राण्यांचें संग्रहालय उभारलें, आणि तें पाहण्यास लोकांना मुक्तद्वार ठेवलें. मेदेयीनमध्यें कचऱ्याच्या उकिरड्यावर झोपड्या घालून राहणाऱ्या शेंकडों कुटुंबांना त्यानें पक्कीं घरें बांधून दिलीं. गरीब वस्त्यांतून चेंडूचीं मैदानें केलीं, त्यांवर विजेचे दिवे लावले. ज्या लोकांकडे सरकारचा कोणीहि अधिकारी कधीं फिरकला नव्हता, त्यांच्या दारीं हा माणूस हातीं घराची किल्ली घेऊन उभा राहिला. त्यांनीं त्याला देवमाणूस मानलें तर नवल तें काय? प्रेतयात्रेंतील आक्रोशाचा उगम येथें आहे. आणि त्याचा दोष एकट्या त्या गरिबांच्या माथीं मारणें अन्यायाचें होईल.

परंतु या दानाची दुसरी बाजू पहा. सरकारी अधिकारी, पोलीस, न्यायाधीश यांच्यापुढें त्याची माणसें एकच प्रश्न टाकीत: चांदी कीं शिसें? चांदी म्हणजे लांच, आणि शिसें म्हणजे बंदुकीची गोळी. तिसरा मार्ग ठेवलेलाच नसे. ज्यांनीं चांदी घेतली त्यांच्यामुळें कुंपणच शेत खाऊं लागलें. आणि शिसें झाडण्यास माणसें कोठून मिळत? ज्या वस्त्यांत त्यानें मैदानें बांधलीं, तेथूनच. पंधरा-सोळा वर्षांचीं पोरें मोटारसायकलवर मागें बसून खून करण्यास भाड्यानें मिळूं लागलीं. एका हातानें मुलांस खेळावयाला चेंडू द्यावा आणि दुसऱ्या हातानें त्याच मुलांच्या हातीं पिस्तूल द्यावें, असें तें दातृत्व होतें. सोन्याची झाली म्हणून सुरी कोणी उरांत मारून घेत नाहीं. परंतु उपाशी माणसास सोनेंच आधीं दिसतें, सुरी मागाहून.

धनापाठोपाठ त्याला मानाची तहान लागली. १९८२ सालीं तो कोलंबियाच्या लोकप्रतिनिधींच्या सभागृहांत पर्यायी सभासद म्हणून निवडून आला. येथें मात्र त्याच्या मार्गांत तीन माणसें आडवीं आलीं. या कथेचे खरे नायक कोणी असतील तर ते हे तिघे, आणि त्यांचीं नांवें आपण विसरूं नयेत, अशी माझी विनंति आहे.

पहिले लुइस कार्लोस गालान. एस्कोबार ज्या पक्षाच्या आश्रयानें राजकारणांत शिरूं पाहत होता त्या पक्षाचे हे पुढारी. त्यांनीं मेदेयीनच्या भर सभेंत त्याचा संबंध झिडकारला. दुसरे रोद्रिगो लारा बोनिया. १९८३ सालीं ते न्यायमंत्री झाले आणि राजकारणांत शिरलेल्या काळ्या पैशावर त्यांनीं उघड तोफ डागली. तिसरे गिएर्मो कानो, एल एस्पेक्तादोर या बोगोटाच्या दैनिकाचे संपादक. पुरावा काय, म्हणून एस्कोबार मानभावीपणें विचारीत असतां कानो यांनीं दप्तरांतील जुने अंक धुंडाळले आणि १९७६ च्या त्या अटकेची बातमी १९८३ च्या ऑगस्टांत पुनः छापली. जो खटला पैशानें पुसला गेला होता तो छापील कागदावर शाबूद राहिला होता! कांहीं महिन्यांतच एस्कोबारला राजकारणांतून बाहेर पडावें लागलें.

१९८४ च्या मार्चांत दुसरा घाव बसला. कोकेनची भुकटी करण्यास ईथर पुष्कळ लागतें. अमेरिकन अधिकाऱ्यांनीं ईथरच्या कांहीं पिंपांत बिनतारी संदेश सोडणारीं लहान यंत्रें दडविलीं आणि त्यांचा माग काढीत कोलंबियाच्या पोलिसांनीं दक्षिणेकडील घनदाट रानांत यारी नदीच्या कांठीं लपविलेला ट्रांकिलांदिया नांवाचा प्रचंड कारखाना गांठला. जवळजवळ १४ टन कोकेन तेथें नष्ट करण्यांत आलें. ट्रांकिलांदिया या नांवाचा अर्थ शांततेची भूमि! त्यानंतर शांतता मात्र उरली नाहीं. ता. ३० एप्रिल १९८४ रोजीं सायंकाळीं बोगोटाच्या रस्त्यावर मोटारसायकलवरून आलेल्या दोघां तरुणांनीं न्यायमंत्री लारा यांस गोळ्या घातल्या. त्यांचें वय अवघें ३७ वर्षांचें होतें.

आतां सरकारचे डोळे उघडले. गुन्हेगार परस्परांच्या स्वाधीन करण्याचा एक करार अमेरिकेशीं १९७९ सालींच झाला होता. राष्ट्राध्यक्ष बेतांकुर यांनीं तो अमलांत आणण्याचें जाहीर केलें. कोलंबियाच्या तुरुंगाची एस्कोबारला मुळींच भीति नव्हती, कारण तेथील कुलुपें चांदीनें उघडत. परंतु परक्या देशांतील तुरुंग विकत घेतां येत नाहीं, हें तो ओळखून होता. अमेरिकेंतील कोठडीपेक्षां आपल्या देशांतील थडगें बरें, अशी घोषणा करून त्यानें व त्याच्या सोबत्यांनीं राष्ट्राविरुद्ध युद्धच पुकारलें. ता. १७ डिसेंबर १९८६ रोजीं संपादक कानो यांचा त्यांच्या कचेरीबाहेर खून झाला. ता. १८ ऑगस्ट १९८९ रोजीं, राष्ट्राध्यक्षपदासाठीं उभे असलेले गालान बोगोटाजवळच्या सोआचा येथील सभेंत व्यासपीठावर चढत असतांना मारले गेले. निवडून येण्याचा सर्वांत अधिक संभव त्यांचाच होता. ज्या तिघांनीं त्याला अडविलें ते तिघेहि गेले.

त्याच सालच्या २७ नोव्हेंबरास बोगोटाहून काली शहराकडे निघालेलें एक प्रवासी विमान आकाशांत स्फोटानें फुटलें. विमानांतील १०७ आणि खालीं जमिनीवरील ३ माणसें मेलीं. गालान यांच्या जागीं उभे राहिलेले सेसार गाविरिया त्या विमानांत असतील असा अंदाज होता, ते नव्हते. म्हणजे एका माणसाच्या जिवासाठीं शंभरावर अनोळखी जीव घेतले, आणि तेहि चुकीनें! पुढें नऊच दिवसांनीं बोगोटांतील गुप्त पोलिसांच्या मुख्य कचेरीपुढें स्फोटकांनीं भरलेली मोटार उडविली, तींत पन्नासाहून अधिक लोक ठार झाले. मेदेयीनमध्यें पोलिसाच्या डोक्यास बक्षीस लागलें आणि शेंकडों शिपाई मारले गेले. १९९१ सालीं त्या एका शहरांत एक लक्ष वस्तीमागें सुमारें ३८० खून पडले. मुलगा कामावरून घरीं येईपर्यंत आईच्या जिवांत जीव नसे, असे ते दिवस होते.

गाविरिया राष्ट्राध्यक्ष झाले खरे, परंतु राष्ट्र थकलें होतें. नामांकित घराण्यांतील माणसें व वृत्तपत्रकार पळवून नेऊन एस्कोबारनें सरकारास तडजोडीस भाग पाडलें. १९९१ च्या नव्या राज्यघटनेंत आपल्या नागरिकांस परदेशाच्या स्वाधीन करूं नये असें कलम घालण्यांत आलें. तें ज्या दिवशीं संमत झालें त्याच दिवशीं, म्हणजे १९ जून १९९१ रोजीं, एस्कोबार स्वखुशीनें शरण आला. हा त्याचा पराभव नसून विजयच होता. एन्विगादोच्या डोंगरावर त्याच्या सोयीनें बांधलेला ला कातेद्राल नांवाचा तुरुंग त्याला मिळाला. पहारेकऱ्यांत त्याच्या मर्जींतील माणसें होतीं, आंत ऐषआरामाचें सर्व साहित्य होतें, आणि तेथूनच धंदाहि चालू होता. कैदी तुरुंगांत होता, कीं राज्यच कैद्याच्या तुरुंगांत होतें, हें सांगणें कठीण.

परंतु विनाशकाले विपरीतबुद्धि म्हणतात तें खोटें नाहीं. आपल्याच दोन जुन्या सोबत्यांनीं पैसा दडविला, असा संशय घेऊन त्यानें त्यांना त्या तुरुंगांतच मारविलें. ही वार्ता बाहेर फुटली, तेव्हां सरकारनें त्याला लष्करी ताब्यांत हलविण्याचें ठरविलें. १९९२ च्या जुलैंत, हुकूम घेऊन आलेल्या उपमंत्र्यासच ओलीस धरून तो रातोरात निसटला. येथून त्याचा उतार सुरू झाला. एकीकडे अमेरिकेच्या साह्यानें पोलिसांचें खास पथक त्याच्या मागावर होतें. दुसरीकडे काली शहरांतील प्रतिस्पर्धी टोळी आणि त्यानें दुखविलेले जुने साथीदार यांनीं एक गुप्त संघ काढला. या संघानें त्याचे वकील, हिशेबनीस, आप्त व घरेंदारें यांवर त्याच्याच रीतीनें सूड उगविला. या सूडकऱ्यांशीं सरकारी पथकांतील कांहींचें संगनमत होतें, हा आरोप पुढें झाला. आणि न्यायाच्या बाजूस लागलेला तो डाग झांकून ठेवण्यांत अर्थ नाहीं. विषावर विषाचा उतारा दिला, परंतु त्याचाहि अंश शरीरांत राहतोच.

पळणाऱ्याजवळ शेवटीं एक अंगरक्षक व कुटुंबाविषयींची चिंता एवढेंच उरलें. बायकामुलांस जर्मनीनें आश्रय नाकारून परत पाठविलें होतें, आणि तीं बोगोटांतील एका हॉटेलांत सरकारी पहाऱ्यांत होतीं. त्यांच्याशीं बोलण्याचा मोह त्यास आवरेना. ता. २ डिसेंबर १९९३ रोजीं, म्हणजे चव्वेचाळिसावा वाढदिवस झाल्याच्या दुसऱ्याच दिवशीं, तो मेदेयीनमधील एका साध्या घरांतून मुलाशीं बिनतारी दूरध्वनीनें बोलत राहिला. त्या लहरींचा रोख काढणारें यंत्र घेऊन पोलिसांची गाडी गल्लींतून हिंडत होती. ज्या तत्त्वानें माझा हा आवाज आपल्या घरांत येऊन पोंचत आहे त्याच तत्त्वानें त्याचा आवाज त्याच्या वैऱ्यांस त्याच्या खिडकीपर्यंत घेऊन गेला. कौलांवरून पळत असतां गोळ्या लागून तो पडला. पायांत जोडेहि नव्हते.

श्रोतेहो, कथा येथें संपावी अशी आपली अपेक्षा असेल. परंतु ती येथें संपत नाहीं. मालक मेला, दुकान मात्र बंद झालें नाहीं. कालीच्या टोळीनें तो धंदा हातीं घेतला. १९९५ सालीं तिचे पुढारी पकडले गेल्यावर तो अनेक लहान टोळ्यांत आणि पुढें मेक्सिकोकडे वांटला गेला. संयुक्त राष्ट्रसंघाच्या पाहणीप्रमाणें २०२३ सालीं कोलंबियांत सुमारें २,५३,००० हेक्टर जमिनीवर कोकाची लागवड होती. एस्कोबारच्या भरभराटीच्या दिवसांतहि ती इतकी नव्हती. जोंवर एका देशांत घेणारा आहे व दुसऱ्या देशांत पोट भरण्याचें दुसरें साधन नाहीं, तोंवर एक एस्कोबार मेल्यानें कांहीं साधत नाहीं. या बाबतींत आपणहि फार सोंवळे होण्याचें कारण नाहीं. एकोणिसाव्या शतकांत माळव्याची अफू मुंबई बंदरांतूनच चीनला जात असे, तींत कित्येकांनीं अमाप पैसा केला, आणि त्या पैशांतून झालेल्या दानधर्माचीं स्मारकें मुंबईंत उभीं आहेत. तेव्हां तो व्यापार राजमान्य होता, एवढाच काय तो फरक.

एस्कोबारच्या मागें राहिलें तें काय? नापोलेस येथील चार पाणघोडे कोणी हलविले नाहींत. ते नदींत शिरले, त्यांची प्रजा दीडशेंच्या वर गेली, आणि त्यांचा बंदोबस्त कसा करावा या विवंचनेंत सरकार पडलें. मेदेयीनमधील त्याचा मोनाको नांवाचा वाडा २०१९ च्या फेब्रुवारींत सुरुंग लावून पाडण्यांत आला आणि त्या जागीं त्याच्या बळींचें स्मारक म्हणून एक उद्यान करण्यांत आलें. परंतु मला याहूनहि महत्त्वाची वाटते ती दुसरीच एक गोष्ट. ज्या डोंगरवस्त्यांतून तो मारेकरी पोरें उचली, त्या वस्त्यांकडे जाणारी तारेवरची पाळणागाडी मेदेयीनच्या नगरसभेनें २००४ सालीं सुरू केली. मागोमाग वाचनालयें व शाळा आल्या. ज्या शहरांत एक लक्षामागें ३८० खून पडत, तेथें २०२० नंतर तो आंकडा वीसाच्या आंत आला. यास कारणें अनेक आहेत. तथापि जें काम दरोडेखोरानें भिक्षा म्हणून केलें, तें काम नगरानें कर्तव्य म्हणून हातीं घेतलें, हें त्यांतील एक प्रमुख कारण होय.

प्रारंभींच्या प्रश्नाचें उत्तर मला यांत सांपडतें. प्रेतयात्रेंत रडणारे लोक खोटे नव्हते. त्यांचें घर खरें होतें, त्यांची कृतज्ञता खरी होती. परंतु राज्यानें जें हक्क म्हणून द्यावयाचें तें जेथें दिलें जात नाहीं, तेथें तें उपकार म्हणून देणारा कोणी तरी निघतोच, आणि आपल्या उपकाराची किंमत तो व्याजासह वसूल करून घेतो. ती किंमत मेदेयीनच्या आयांनीं दिली.

शेवटीं एक प्रसंग सांगून मी आपली रजा घेतों. २००९ सालीं प्रदर्शित झालेल्या एका बोलपटाच्या निमित्तानें एस्कोबारचा पुत्र, लारा व गालान यांच्या पुत्रांस भेटला आणि त्यानें बापाच्या कृत्यांबद्दल त्यांची क्षमा मागितली. त्यांनीं त्याला दूर लोटलें नाहीं. ज्या मुलांचे बाप शिशाच्या गोळीनें गेले आणि ज्याच्या बापानें त्या गोळ्या झाडविल्या, तीं मुलें एका जागीं बसून बोललीं. चांदी कीं शिसें, या दोहोंपलीकडे तिसरा मार्ग असूं शकतो, हें त्यांच्या बापांनीं मरून दाखविलें होतें. मुलांनीं तें जगून दाखविलें.